रेस दिली की गाडी का थरथरते?



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. कारण असे की, गावोगाव फिरताना उसाइतकीच गाडीची चौकशी आम्हाला होऊ लागली आहे. बांधावर प्लॉट पाहून झाला, चहा झाला, की सभासद हळूच म्हणतात, "साहेब, तुमची पण जीप आहे ना? आमच्या गाडीचं जरा ऐका." आणि दहापैकी निदान चार वेळा तक्रार एकच असते. गाडी उभी असताना छान, सावकाश चालवली तरी छान; पण पाय दाबून रेस दिली, चढाला लावली, की सीटखालून थरथर सुरू. पाय काढला की गाडी गप्प.

आम्ही कृषी पदविकेची माणसं, मोटारीचे इंजिनिअर नव्हे. परंतु वीस-बावीस वर्षं शिवारात गाड्या हाकल्या, आडरस्त्याला बंद पडलेल्या गाड्यांखाली ड्रायव्हरसोबत अंग टाकले, त्यातून काही गोष्टी पक्क्या कळल्या. त्या लिहिण्याचे कारण पैसा आहे. बिलाचे पैसे हातात येतात तेव्हा त्यावर सोसायटी, खत, मुलांच्या फिया सगळे टपलेले असते. त्यात गॅरेजवाला म्हणतो टायर बदला, तर टायर बदलतात. थरथर तशीच राहते. मग बेअरिंग, मग आणखी काही. असे तीन-चार भाग बदलून झाल्यावर खरे दुखणे सापडते, आणि ते कित्येकदा एका क्रॉसचे किंवा चार बोल्टांचे निघते.

ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी पाहतो, जुनी खालची पाने पिवळी की वरची कोवळी? खालची पिवळी असतील तर नत्राची कमतरता. कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची. पिवळेपणा दोन्हीकडे दिसतो, औषध मात्र वेगळे. गाडीच्या थरथरीचेही तसेच आहे. थरथर किती आहे याला फारसे महत्त्व नाही. ती कशाबरोबर येते आणि कशाबरोबर जाते हे पाहायचे.

कशाबरोबर येते?

गाडीत फिरणाऱ्या मुख्य गोष्टी तीन. इंजिन, इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा शाफ्ट आणि चाके. तिघांचा फिरण्याचा वेग वेगळा, म्हणून तिघांची थरथरही वेगळी.

थोडे गणित करून पाहू. बोलेरोसारख्या गाडीच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरते. मागच्या हौजिंगमधला क्राऊन-पिनियन हा वेग साधारण चौपटीने कमी करतो. म्हणजे चाक साडेसात फेरे घेते तेव्हा प्रोपेलर शाफ्ट ३० फेरे घेतो. म्हणून चाकाची थरथर ही धड-धड-धड अशी, जवळजवळ मोजता येईल अशी असते; स्टिअरिंग डुलते, बॉनेट हलते. शाफ्टची थरथर मोजता येत नाही. ती सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात मुंग्या आल्यासारखी लागते आणि मधल्या आरशातले चित्र पुसट होते. एवढे ओळखले तरी निम्मे काम झाले.

उरलेले काम रस्त्यावर. सपाट, सरळ, मोकळा रस्ता पाहा, सोबत एक माणूस घ्या. ज्या वेगाला गाडी थरथरते त्या वेगाला आणा आणि फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. थरथर त्याच क्षणी गेली, तर दुखणे ओढीचे आहे. म्हणजे ताकद जाताना जे भाग ताणले जातात त्यांत ते आहे. पाय उचलूनही राहिली, तर त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करून चालू द्या. इंजिन बंद करायचे नाही, कारण इंजिन बंद झाले की ब्रेक जड होतो आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होते. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच असेल तर इंजिनचा संबंध सुटला. दोष चाकात, नाहीतर शाफ्टच्या तोलात. ही चाचणी घाटात, उताराला कोणीही करू नये. उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे आपल्याकडे अजून आहेत, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू.

मग गाडी उभी करा आणि न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. उभ्या गाडीतही तेवढ्याच रेसला हादरत असेल तर इंजिन किंवा त्याचे फाउंडेशन रबर पाहायचे. शेवटची कसोटी चढावर. तोच चढ एकदा तिसऱ्या गिअरमध्ये चढा, एकदा दुसऱ्या. गिअर बदलूनही थरथर रस्त्याच्या त्याच वेगाला, समजा चाळीसला, येत असेल तर दुखणे गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्टकडे. ती इंजिनच्या ठराविक रेसला येत असेल आणि गाडीच्या वेगाशी तिचे देणे-घेणे नसेल, तर इंजिनकडे.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. जे दिसले ते कागदावर लिहा: कोणता गिअर, किती वेग, चढ की सपाट, माणसे किती, पाय काढल्यावर काय झाले. हा कागद मिस्त्रीच्या हातात द्या. "गाडी व्हायब्रेट करते, बघा" एवढेच सांगितले तर तोही अंदाजानेच सुरुवात करणार. त्याला तरी दोष काय द्यायचा?

चाक आणि इंजिन

चाकाचे थोडक्यात सांगतो. रिमच्या आत वाळलेला चिखल, पडलेले बॅलन्सिंगचे शिसे, फुगा आलेला टायर, वाकलेली रिम यांची थरथर वेगाबरोबर वाढते. पाय दाबला काय आणि काढला काय, तिला फरक पडत नाही. रेस दिली तरच थरथरणाऱ्या गाडीचे टायर बदलण्याची घाई करू नये. मात्र चाकाचे नट आधी आवळून पाहावेत. ढिल्या नटांचे चाक ओढीला हादरते, आणि तो धोका पुढच्या वळणापर्यंतही थांबत नाही.

इंजिनकडे दुखणे असेल तर ते बहुधा मिसिंगचे असते. चार सिलिंडरपैकी एक नीट पेटत नाही. उभ्या गाडीत हे लपते आणि चढावर, भार आला की उघडे पडते. गाडी थरथरण्यापेक्षा गचके देते. पेट्रोल गाडीत प्लग आणि कॉइल, डिझेल गाडीत फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा, डिझेलमधले पाणी आणि नोझल, या क्रमाने पाहावे. नव्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी ०३०१, पी ०३०२ असे कोड येतात. शेवटचा आकडा कोणते सिलिंडर चुकते ते सांगतो. हा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटून नेऊ नये, न पेटलेले इंधन सायलेन्सरमधल्या महागड्या कन्व्हर्टरला जाळते.

जुन्या डिझेल जीपला आपले लोक एकेका नोझलची पाइप पान्याने ढिली करून कोणते सिलिंडर मेले ते पाहतात. पाइप ढिली करून आवाज बदलला नाही, तर तेच सिलिंडर बंद. जुन्या पंपाला ही युक्ती चालते. कॉमन रेल इंजिनाला चुकूनही करू नका. त्या पाइपमध्ये हजार बारपेक्षा जास्त दाब चढतो. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट काढण्याची वेळ येते.

फाउंडेशन रबर बसले असेल तर इंजिन ओढीला एका अंगाला उचलले जाते आणि चेसिसला टेकते. तेव्हा सारी बॉडी गुणगुणते. रबर तेलाने भिजून लिबलिबीत झाले आहे का, फाटले आहे का, हे बॅटरी मारून पाहिले तरी दिसते. आणि गाडी फक्त जागेवरून उचलताना, क्लच सोडता सोडता हादरत असेल, पुढे ठीक चालत असेल, तर क्लचप्लेटवर तेल आले आहे किंवा प्लेट झिजली आहे.

शाफ्टचे दुखणे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, मग ती जुनी जीप असो, बोलेरो, पिकअप वा ओम्नी असो, तिच्यातील ओढीच्या थरथरीचे मूळ बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टमध्ये सापडते. हे समजायला आपल्याला गॅरेजमध्ये जायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर जोडलेला असतो ना, त्याचा पीटीओ शाफ्ट आठवा. रोटाव्हेटर जमिनीवर असेपर्यंत शाफ्ट गुमान फिरतो. हायड्रॉलिकने तो फार वर उचलला आणि पीटीओ चालूच ठेवला, तर शाफ्ट कसा खडखडतो! ट्रॅक्टर हादरतो, आणि शहाणा ड्रायव्हर पटकन पीटीओ बंद करतो. तिथे काही मोडलेले नसते. फक्त कोन वाढलेला असतो.

क्रॉसचा हा जॉइंट जुना आहे. इटलीतील कार्दानो यांचे नाव त्याला सोळाव्या शतकापासून चिकटले, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी त्याचा अभ्यास केला, आणि अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली मोटारीसाठी त्याचे पेटंट घेतले. या जॉइंटचा एक स्वभाव आहे. सरळ रेषेत असला तर जेवढे फिरवाल तेवढेच पुढे देतो. कोनात असला की एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंश असला तर वेगातला हा चढउतार दीड टक्का. २० अंश झाला की सहा टक्के. म्हणजे गिअरबॉक्सकडून १५०० फेरे सारखे येत असले तरी पुढे ते १४१० ते १५९६ असे हेलकावत जातात, आणि तेही प्रत्येक फेऱ्यात दोनदा.

मग गाड्या चालतात कशा? कारण शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्याने केलेली चूक दुसरा पुसून टाकतो. परंतु त्याला दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे जे कान असतात ते एकाच रेषेत हवेत. आणि दोन्हीकडचा कोन सारखा हवा. यातली एकही अट मोडली तर चूक पुसली जात नाही. कान एकमेकांना पूर्ण काटकोनात बसले तर पुसण्याऐवजी चूक दुप्पट होते.

आमच्या एका सभासदांच्या जीपचे उदाहरण देतो. शेती गुंजवणीच्या काठाला, धाकटा भाऊ पानशेतला. पानशेतकडे ऊस नावापुरता, तिकडचे पीक भात. पण नाते असल्यावर फेऱ्या चुकत नाहीत. वेल्ह्याकडून पाबे घाट चढायचा, खानापूरला उतरायचे आणि तिथून धरणाकडे पानशेत, असा आठवड्याला दोनदा प्रवास. जीप सपाटीला ठीक चाले. घाटाच्या चढाला ३५ ते ५० च्या दरम्यान इतकी थरथरे की मागच्या बाकावरची माणसं पाय वर घेऊन बसत. पुढचे दोन टायर नवे घातले. बॅलन्सिंग केले. मागच्या चाकांची बेअरिंग बदलली. इंजिनचे फाउंडेशन बदलले. "साहेब, आता फक्त नंबरप्लेट बदलायची राहिलीय," असे ते आम्हाला म्हणाले.

आम्ही एकच विचारले. हे केव्हापासून? थोडा विचार करून म्हणाले, "क्लचप्लेट टाकली तवापासनं." क्लचप्लेट टाकायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायला प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो. तिथेच आमचा संशय पक्का झाला.

तरी घाई न करता त्यांच्यासोबत घाटातून गेलो. चढाला थरथर आली, पाय काढला की गेली. दुसऱ्या गिअरमध्ये आणि तिसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही वेळा ती रस्त्याच्या त्याच वेगाला आली. पानशेतला पोचल्यावर सपाट जागा पाहून गाडी लावली, चाकांना पुढून-मागून दगड लावले, किल्ली खिशात घातली आणि ड्रायव्हर खाली शिरला. शाफ्टच्या मध्ये दातेरी सरकता जोड असतो. खड्ड्यात हौजिंग वरखाली झाले की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून तो असतो. त्याच्या दोन्ही भागांवर बाणाची खूण असते. चिखल खरवडल्यावर बाण दिसले. एक वर, एक बाजूला. पुढचे कान आडवे असताना मागचे तिरपे. शाफ्ट काढताना दोन्ही भाग सुटले होते आणि बसवताना हाताला येतील तसे घातले गेले होते.

मागच्या टोकाचे यू बोल्ट सोडले, जोड बाहेर ओढला, बाणाला बाण लावून परत बसवला. त्यात मागच्या क्रॉसच्या एका कपाभोवती लाल भुकटी दिसली. कपातल्या सुई-बेअरिंगमधले ग्रीस संपून लोखंड लोखंडाला घासले की अशी गंजाची भुकटी येते. क्रॉस बाहेर काढला तर त्याच्या एका दांड्यावर सुयांच्या रेघा बोटाला लागत होत्या. तो क्रॉस बदलला. परत येताना घाट चढताना मागच्या बाकावर पाय खाली ठेवून बसता आले.

सगळे गेले असे मात्र नाही. पूर्ण ओढीला थोडी गुणगुण राहिली आहे. त्याचे कारण त्यांनी स्वतःच घालून घेतलेले आहे, आणि ते आपल्या भागातल्या निम्म्या गाड्यांना लागू पडते. जास्त बेणे, जास्त दूध, जास्त माणसे बसावीत म्हणून मागे एक पाटा जादा. पाटा वाढवला की मागची बॉडी उचलली जाते, हौजिंग आणि गिअरबॉक्स यांच्यातले उंचीचे अंतर वाढते आणि शाफ्टचा कोनही वाढतो. रोटाव्हेटर वर उचलल्यासारखेच झाले. शिवाय ओढीच्या वेळी हौजिंगचे नाक, म्हणजे पिनियनचे तोंड, वर उचलते. पाट्याचे यू बोल्ट ढिले असले, सेंटर बोल्ट तुटला असला किंवा बुश खलास झाले असले तर ते जास्तच उचलते, आणि दोन्हीकडचे कोन सारखे राहत नाहीत. म्हणून चढाला थरथर आणि पाय काढला की गप्प! यू बोल्ट आवळणे, बुश बदलणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही, तर हौजिंग आणि पाटे यांच्यामध्ये उताराची पाचर घालून पिनियनचे तोंड योग्य कोनात आणता येते. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. आमच्या मते जादा पाटा काढून टाकणे सर्वांत स्वस्त. पण आमचे हे मत सभासदांना सहसा पटत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे.

क्रॉस स्वतः तपासायचा असेल तर गाडी सपाटीला, दगड लावून, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग दोन हातांनी धरून उलट-सुलट पिळा. कान आणि क्रॉस यांच्यात जराही टकटक लागली तर क्रॉस संपला. पिनियनमध्ये थोडी मोकळीक असतेच, तिला घाबरू नये. क्रॉस आधी सूचनाही देत असतो. सकाळी गाडी हळू निघताना खालून चिमणीसारखे चूं-चूं वाजते. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकताना टक्क असा आवाज येतो. लांब चेसिसच्या पिकअपला शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग. त्याचे रबर फाटले की गाडी जागेवरून निघताना, दहा ते तीसच्या वेगात, भरल्या गाडीला जोराचा हादरा बसतो.

शाफ्टवर वाळलेला चिखल, दगड लागून पडलेला खळगा किंवा निखळलेली तोलाची पट्टी यांनीही थरथर येते. पण ती पाय काढूनही राहते, हा फरक लक्षात ठेवावा.

पुढच्या चाकांची कार

१९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घरोघर पोचली. आज आपल्या सभासदांच्या दारात ज्या लहान कार दिसतात त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या. यांना लांब प्रोपेलर शाफ्ट नसतो. गिअरबॉक्समधून दोन बाजूंना दोन आखूड शाफ्ट चाकांकडे जातात. मिस्त्री त्यांना ॲक्सल म्हणतात. प्रत्येकाला आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकेक जॉइंट, त्यावर रबरी बूट आणि आत ग्रीस.

आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात. ते ज्या खोबणीत सरकतात ती झिजली की कार चढाला, चार माणसे बसलेली असताना, डावी-उजवीकडे डुलल्यासारखी थरथरते. पाय थोडा सैल केला की लगेच शांत. बाहेरचा जॉइंट बिघडला तर थरथर कमी आणि वळताना कट-कट-कट जास्त. दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते. रबरी बूट चिरतो, ग्रीस फेकले जाते आणि त्या जागी पानशेत रस्त्याची लाल माती जाऊन बसते. बूट चिरलेला वेळेवर दिसला तर नवा बूट आणि ग्रीस यात भागते. सहा महिने तसाच चालवला तर पूर्ण ॲक्सल. म्हणून तेल बदलायला गाडी वर उचलली की चारही बुटांवर एकदा हात फिरवावा. चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर वेगळी तपासणी करायचीही गरज नाही.

दुर्लक्ष केले तर

थरथरीने नुसती माणसं कंटाळतात असे नाही. झिजलेला क्रॉस एक दिवस तुटतो, आणि तो बहुधा पूर्ण ओढीला, म्हणजे नेमका चढावर तुटतो. मागचे टोक सुटले तर शाफ्ट रस्त्यावर आपटत येतो आणि वाटेत ब्रेकची पाइप आली तर ती तोडतो. पुढचे टोक सुटले तर त्याहून वाईट. शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी मागून उचलली जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी ज्या विलीजच्या जीपगाड्या जोडायला घेतल्या, त्या घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टच्या सुरुवातीला एक ड्रम असतो, त्यावर तो लागतो. म्हणजे हँडब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. मागचा शाफ्ट तुटला, की चढावर हँडब्रेक ओढूनही गाडी मागे निघते. मागच्या चाकांवर चालणारी कोणतीही गाडी शाफ्ट तुटल्यावर गिअरमध्ये ठेवूनही थांबत नाही. अशा वेळी पायाचा ब्रेक दाबून धरायचा आणि सोबतच्या माणसाने चाकामागे दगड लावल्याशिवाय पाय उचलायचा नाही. घाटातून जाणाऱ्याने दोन लाकडी गुटके कायम गाडीत ठेवावेत. दगड ऐन वेळी सापडेलच असे नाही.

शाफ्ट फिरत असताना गाडीखाली वाकून "बघतो जरा" असे कोणी करू नये. पीटीओ शाफ्टमध्ये धोतर, लुंगी, ओढणी अडकल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. प्रोपेलर शाफ्ट त्याचाच भाऊ आहे.

गॅरेजमध्ये शाफ्ट काढायची वेळ आली तर सोडण्याआधी मिस्त्रीला चुन्याने किंवा खडूने चार खुणा करायला सांगा. सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर एक सरळ रेघ आणि दोन्ही टोकांच्या फ्लँजवर एकेक. बसवताना रेघेला रेघ जुळली की झाले. याला पैसे पडत नाहीत. जुना काढलेला क्रॉस मागून घ्या आणि दांड्यावर बोट फिरवून पाहा. रेघा लागल्या तर बदल योग्य होता. गुळगुळीत असला तर दुखणे अजून गाडीतच आहे असे समजावे.

राहता राहिले ग्रीस. पानशेत, वेल्हे, भोर या पट्ट्यात पावसाळा जबर. ओढ्यातून, फरशीवरच्या पाण्यातून गाडी गेली की क्रॉसमध्ये पाणी शिरते. ज्या क्रॉसला निपल आहे त्याला पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ग्रीस गन लावावी आणि चारही कपांच्या तोंडातून नवे ग्रीस डोकावेपर्यंत मारावी. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर चौथ्याची वाट तुंबली आहे. तोच कप पुढे कोरडा पडून लाल भुकटी काढतो. अशा वेळी शाफ्ट हाताने थोडा फिरवून, कप हलका ठोकून पुन्हा मारून पाहावे. तरीही ग्रीस आले नाही तर गळीत हंगाम सुरू होण्याआधीच तो क्रॉस बदलून घ्यावा. हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवायलाही सवड मिळत नाही.